गाठोडं उघडल्यावर

माझ्याकडे लोक जुन्या कपड्यांचं गाठोडं घेऊन येतात आणि बसायच्या आधीच विचारतात, "डिझाइन कसलं करणार?" त्या वेळी मला काहीच ठाऊक नसतं. गाठोडं सुटलं, कपडे जमिनीवर पसरले, कोण काय कधी नेसायचं, कोण काय घालायचं हे बोलणं सुरू झालं, की हळूहळू काहीतरी दिसायला लागतं. गोधडी शिवायला मी आईच्या मावशीकडून शिकले. सगळे तिला आक्का म्हणत. जत तालुक्यातलं तिचं गाव. तिकडे गोधडीला वाकळ म्हणतात. तिने आयुष्यभर वाकळा शिवल्या, पण कागदावर कधी एक रेघ ओढली नाही. मीही ओढत नाही. मग नक्षी येते कुठून, याबद्दल इतक्या वर्षांत जे हाताला लागलं ते लिहिते आहे.

१. कापड कुठे विरलंय ते आधी बघा

कापड उजेडात धरलं की झीज दिसते. नऊवारी लुगडं विरतं ते बसण्याच्या जागी आणि कासोट्याशी. पाचवारी साडी आधी खालच्या काठाशी जाते, टाचेखाली येऊन येऊन. धोतर गुडघ्यावर, शर्ट कॉलरला आणि कोपराला, पँट बुडाला. त्यामुळे प्रत्येक कपड्यातून शाबूत निघणाऱ्या तुकड्याचा आकार बराचसा ठरलेला असतो. लुगड्यातून लांबच लांब पट्टे मिळतात. शर्टाच्या पाठीतून घरातल्या कपड्यांमधला सगळ्यात चांगला चौकोन निघतो. पँटच्या पायातून वर रुंद आणि खाली अरुंद असा तुकडा येतो. असे दोन तुकडे उलटसुलट जोडले की सरळ पट्टा तयार होतो.

आक्का कापड मांडीवर घ्यायची आणि त्यावर तळहात फिरवत दुसरीकडेच बघत बसायची. विरलेली जागा डोळ्यांआधी तळव्याला कळते. मी घाई केली की म्हणायची, "आधी हात फिरीव, मग कातर धर." तिच्या एका वाकळीत हिरवे आणि किरमिजी पट्टे होते, एक वीतभर रुंद तर दुसरा चार बोटं, मग पुन्हा एक रुंद. लहानपणी मला वाटायचं, हे तिने ठरवून केलंय. त्या पट्ट्यांची रुंदी लुगडी किती विरली होती त्यावरून पडली होती, हे मी स्वतः शिवायला बसले तेव्हा उमगलं. पण कोणता पट्टा कोणाशेजारी ठेवायचा हे मात्र तिचं होतं. गोधडी करणारीची कल्पकता नेमकी या जागी लागते. तुकडे कसे असावेत हे तिच्या हातात नसतं, त्यांचे शेजार तिच्या हातात असतात.

२. डाग, शिवणीच्या खुणा, खिशाची जागा: हे काढून टाकायची घाई नको

एकदा दोघी बहिणी आल्या. वडील एस.टी.त कंडक्टर होते. त्यांचे खाकी शर्ट आईने पेटीत जपून ठेवले होते आणि आता आईही राहिली नव्हती. शर्ट पसरल्यावर दिसलं की एकाच खांद्यावरचं कापड विरलंय, सगळ्या शर्टांचं, त्याच बाजूचं. पैशांच्या आणि तिकिटांच्या बॅगेचा पट्टा तिथून जायचा. उन्हाने आणि धुण्याने खाकी पांढुरकी झाली होती, पण खिसे उसवले तर त्यांच्याखाली मूळचा गडद रंग जसाच्या तसा. प्रत्येक छातीवर एक गडद चौकोन.

त्या गोधडीची नक्षी तिथेच मिळाली. खिशांच्या जागा मी एका उभ्या ओळीत मधोमध घेतल्या आणि त्यांच्या दोन्ही अंगांनी आईच्या सुती नारायणपेठीचे काठ लावले. बाकी सगळी पांढुरकी खाकी. खांद्याचे विरलेले तुकडे मोठी बहीण टाकू देईना. मग ते खालून नव्या मांजरपाटाचा आधार देऊन वरच्या पट्टीत बसवले.

हे मला आपोआप सुचलं असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथले लोक गुलामगिरीत राबवलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज. तिथल्या बायका शेतात राबून फाटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या आहेत. २००२ मध्ये त्या गोधड्यांचं प्रदर्शन ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात भरलं आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात, तेव्हा जगाने त्या पाहिल्या. मी त्या फक्त छायाचित्रांत पाहिल्या आहेत. मिसूरी पेटवे या बाईने नवरा गेल्यावर, १९४२ मध्ये, त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. मुलगी आर्लोन्झिया मदतीला होती. तिथल्या डेनिमच्या गोधड्यांत उसवलेल्या खिशांच्या आणि गुडघ्यांवरच्या ठिगळांच्या गडद खुणा स्पष्ट दिसतात. कुणी त्या झाकल्या नाहीत. माणूस कापडावर जे उमटवून जातो ते कुठल्याही भरतकामापेक्षा मोलाचं आहे असं मला मनापासून वाटतं, आणि ते मला त्या छायाचित्रांनी शिकवलं.

३. नक्षी आसपास असते; तिची मोजमापं घ्या, चित्र उचलू नका

बौद्धांच्या विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. बुद्ध दक्षिणगिरीकडे चालले होते. वाटेत मगधातली भातशेती दिसली: लांब पट्टे, आडवे बांध, उभे बांध, बांध जिथे भेटतात ते चौक. त्यांनी आपल्या शिष्याला, आनंदाला विचारलं, भिक्खूंची चीवरं अशी करता येतील का? आनंदाने तुकडे कापून, जोडून चीवर तयार केलं आणि बुद्धाने त्याची मनापासून वाखाणणी केली. आजही भिक्खूंचं चीवर त्याच शेताच्या आखणीवर शिवतात. तुकडे कसे जोडायचे, हा प्रश्न होता. आणि उत्तर समोरच्या रानात पडलं होतं.

या प्रसंगातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की आनंदाने चीवरावर भाताची लोंबी काढली नाही. त्याने शेताची रचना घेतली, म्हणजे पट्टा केवढा, बांध केवढा, छेद कुठे. आक्काच्या वाकळांतही लुगड्यांचे काठ असेच बांधांसारखे जायचे आणि मधले तुकडे वावरासारखे लहानमोठे असायचे. तिला महावग्ग माहीत असण्याचं कारण नव्हतं. ती ज्वारीच्या रानात वाढली होती, तेवढं पुरे होतं.

मी शहाबादी फरशीच्या सांध्यांवरून रचना घेतली आहे, जुन्या वाड्याच्या खिडकीच्या गजांवरून घेतली आहे, एकदा तर कौलारू छपराच्या ओळींवरून. पण लोक येऊन म्हणतात, "वारली चित्रं काढा ना त्यावर, छान दिसतात," तेव्हा मी नाही म्हणते. ती चित्रं भिंतीवरची, तांदळाच्या पिठाची, लग्नाच्या चौकाची. त्यांचं एक ठिकाण आहे. गोधडीला स्वतःची भाषा आहे, तुकड्याची आणि टाक्याची. ती बोलता येत असताना उसनं चित्र कशाला?

४. रंगाच्या आधी गडद आणि फिकट

सगळे तुकडे मांडून झाले की मी दिवेलागणीची वाट बघते. उजेड कमी झाला की हिरवा, जांभळा, तांबडा हे भेद विरून जातात आणि फक्त गडद-फिकट उरतं. तेव्हा जी रचना डोळ्यांत ठसते, ती खरी. दिवसा सुंदर दिसणाऱ्या कितीतरी मांडण्या संध्याकाळी सपाट होऊन जातात, कारण सगळे रंग सारख्याच वजनाचे असतात. अशा वेळी जुनी काळी चंद्रकळा गाठोड्यात असली तर मला हायसं वाटतं. तिच्या दोन पट्ट्या योग्य जागी पडल्या की बाकीचे रंग आपसूक उठून येतात.

अमेरिकन गोधड्यांत लॉग केबिन नावाची जुनी रचना आहे. मधे एक छोटा चौकोन, बहुतेकदा लाल, घराची चूल म्हणून. त्याभोवती पट्ट्या गुंडाळत जायच्या, दोन बाजूंना फिकट आणि दोन बाजूंना गडद. एवढ्या एका नियमावर त्या बायकांनी असंख्य वेगवेगळ्या गोधड्या केल्या. ज्यांना सुरुवात कुठून करावी कळत नाही त्यांना मी हीच करायला सांगते.

५. टेरिकॉट आणि सुती एका थरात नको

टेरिकॉट लवकर झिजत नाही, फारसं आटत नाही, घामही फारसा शोषत नाही. शेजारचं सुती कापड दोन धुण्यांत आटतं आणि शिवण चुणते. नवं कापड घालायचंच असेल तर आधी पाण्यातून काढा, खळ जाऊ द्या. लाल आणि निळ्याचा कोपरा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून बघा. तिरपा कापलेला तुकडा, ज्याला शिंपी उरेब म्हणतात, कडेला लावू नका. तो ताणत जातो.

६. टाका म्हणजे दुसरी नक्षी

गोधडी शिवणं म्हणजे सारा धावदोरा. सुई वर, सुई खाली. तरीही हा टाका थर धरून ठेवण्यापलीकडे बरंच काही करतो, हे समजायला मला वेळ लागला. दोरा ओढला की दोन ओळींमधलं कापड किंचित उचललं जातं, आणि सगळ्या गोधडीवर बारीक लाटा उमटतात. ओळी दाट घेतल्या तर गोधडी घट्ट, जरा ताठ होते. विरळ घेतल्या तर मऊ राहते, पण आतले थर सरकतात. तान्ह्या बाळाच्या दुपट्याला दोनच थर आणि ओळींत दोन बोटांचं अंतर पुरतं. अंथरायच्या वाकळीला एका बोटापेक्षा जास्त अंतर आक्का चालवून घेत नसे.

ओळी कुठल्या दिशेने जातात, यावर तर सगळं रूप अवलंबून असतं. आमच्याकडे कडेपासून आत येत येत, चौकोनात चौकोन घेत मधे पोचतात. कडेला सुरुवात केली की आतलं कापड हळूहळू मधे ढकललं जातं. ते फुगू नये म्हणून आधी सगळे थर जमिनीवर अंथरून, कोपऱ्यांवर वजन ठेवून, लांब कच्चे टाके घालून घ्यायचे. आक्का कोपऱ्यांवर पाण्याने भरलेले तांबे ठेवायची.

उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागातले सिद्दी लोक अशाच गोधड्या करतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले, अनेक जण गोव्याच्या वाटेने आलेले, आणि घरात कोकणी बोलणारे. त्यांच्या बायका एका कोपऱ्यापासून सुरू होतात आणि कडेकडेने फिरत, तुकडे ठेवत ठेवत आणि टाके घालत घालत मध्याकडे येतात. म्हणजे तुकडे जोडणं आणि थर शिवणं ही दोन कामं तिथे एकच आहेत. चार कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांचे छोटे तुकडे बसवतात, त्यांना त्या फुलं म्हणतात. फुलांशिवाय त्यांच्या दृष्टीने गोधडी उघडीच राहते. ते ऐकल्यापासून मी कोपऱ्यांकडे वेगळ्या नजरेने बघते. माझ्या गोधडीच्या चार कोपऱ्यांवर घरातल्या चार माणसांचं कापड असतं, आणि कोणता कोपरा कोणाचा हे ज्याचं त्याने ठरवायचं.

दोऱ्याबद्दलही एक सांगते. बंगालच्या जुन्या कांथांत भरतीचा दोरा विकत आणत नसत, जुन्या साडीच्या काठातून सूत ओढून काढत. त्यामुळे दोऱ्याचा रंग आणि कापडाचा रंग एकाच घरातला राहायचा. इरकलीच्या जुन्या काठातून मी तसं सूत काढून पाहिलं आहे. सगळी गोधडी शिवायला ते पुरत नाही आणि जपून ओढावं लागतं, पण मधल्या चौकोनाला तरी मी तेच वापरते. बाकीला रिळाचा सुती दोरा, त्यावरून मेण फिरवून. पॉलिस्टरचा दोरा जुन्या कापडापेक्षा बळकट असतो, म्हणून तो मी टाळते.

७. भिजल्यावर उचलेल एवढीच जाड

नवरात्राच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची पद्धत आहे. पूर्वी ओढ्यावर दोघी-तिघी मिळून एक वाकळ पिळायच्या. आता फ्लॅटच्या बाल्कनीत एकटीला ते करायचं असतं. सात-आठ थरांची गोधडी भिजली की एका माणसाला पेलत नाही, आणि पावसाळी हवेत आतून वाळत नाही, कुबट वास धरते. म्हणून पांघरायच्या गोधडीला मी तीन ते चार थर घेते. आत जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली धोतरं किंवा साड्या.

८. पांघरणारा कसा झोपतो ते विचारा

हे विचारल्यावर लोक हसतात. पण सगळ्यात चांगल्या कल्पना मला या एका प्रश्नातून मिळाल्या आहेत. कुणी डोक्यावरून घेऊन झोपतं, कुणाचे पाय बाहेर हवेत, कुणी गोधडी कुशीत घेतं आणि पांघरत नाहीच. हनुवटीला जी कड लागते तिथे जरीकाठ नको, जाड शिवण नको, बटणाची पट्टी तर नकोच. तिथे मी धोतराचं कापड लावते. जुन्या धोतराइतकं मऊ दुसरं काही नाही. पायाकडे पँटचं जाड कापड चालतं, उलट त्याचं वजन बरं वाटतं.

एका आजींची नजर जवळजवळ गेली होती. त्यांच्या सुनेने त्यांच्याच इरकलींचं गाठोडं आणलं आणि म्हणाली, "रंग कसेही लावा, त्यांना काय दिसणार आहे?" मी आजींना भेटायला गेले. इरकली त्यांच्या हातात दिल्या. काठावरून बोट फिरवत त्या सांगत होत्या, हा गोमी काठ, ही माहेरची, ही जुन्या घराच्या वास्तुशांतीची. उठावाची वीण असल्याने प्रत्येक काठ बोटाला वेगळा लागतो. तेव्हा ती गोधडी मी बोटांसाठी केली. डोक्याकडे गोमी काठ आडवा, म्हणजे अंधारातही वरची बाजू सापडावी. उजव्या हाताला जिथे त्यांचा हात पडेल तिथे वेगवेगळे काठ जवळजवळ लावले, मधलं सुती अंग साधं ठेवलं. पदराचं रेशीम जुनं होऊन घडीवर तडकायला लागलं होतं, ते पायाकडे, कमी हाताळलं जाईल अशा जागी. रंगांचा विचार तरीही केलाच. गोधडी घरात सगळ्यांना दिसणार होती आणि आजी नातवंडांना विचारणार होत्या, "कशी दिसतीय रे?"

९. कापड कुणाचं, हे लिहून शिवून टाका

हॅरिएट पॉवर्स ही जॉर्जिया राज्यातली, गुलामगिरीत जन्मलेली बाई. तिने बायबलमधल्या प्रसंगांची अकरा चौकटींची गोधडी केली आणि १८८६ मध्ये अथेन्स गावच्या कापसाच्या जत्रेत ती मांडली. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेला ती विकत हवी होती. हॅरिएटने दिली नाही. पुढे ओढग्रस्तीमुळे १८९१ मध्ये पाच डॉलरला द्यावी लागली. देताना तिने एकेका चौकटीचा अर्थ सांगितला आणि स्मिथने तो लिहून ठेवला. नंतरही हॅरिएट आपली गोधडी बघायला तिच्याकडे जात असे. आज ती वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे, आणि कोणत्या चौकटीत काय आहे हे हॅरिएटच्या सांगण्यामुळे आपल्याला कळतं.

ही हकीकत वाचल्यावर मी एक गोष्ट नेमाने करायला लागले. गाठोडं सुटतं तेव्हा जे बोलणं होतं ते मी टिपून घेते: हा शर्ट पहिल्या पगाराचा, ही साडी बारशाची, हे धोतर आजोबांचं, त्यांनी पंढरीला जाताना घेतलेलं. मांजरपाटाच्या पट्टीवर ते थोडक्यात दोऱ्याने लिहायचं आणि पट्टी मागच्या बाजूला, पायाकडच्या कडेत शिवायची. पुढच्या बाजूला नावं, तारखा, बदाम काढायला मी तयार होत नाही. पुढची बाजू कापडाची. पण मागची पट्टी हवीच, कारण ज्यांना ते कपडे आठवतात ती माणसं गोधडीइतकी टिकतीलच असं नाही, आणि आठवण सांगणारं कुणी नसलं की खिशाचा गडद चौकोन हा नुसता चौकोन उरतो.

१०. उरलेले तुकडे फेकू नका

गोधडी देताना मी तिच्याबरोबर त्याच कापडांच्या उरलेल्या तुकड्यांची एक पुरचुंडी देते, आणि थोडा दोरा. गोधडी पेटीत ठेवायला केलेली नसते. ती रोज अंगावर घेतली तर काही वर्षांत हनुवटीची कड विरते, मग घडीच्या रेषा, मग कोपरे. ठिगळ लावायला तेव्हा त्याच घरचं, तितकंच धुतलेलं कापड हाताशी असावं. नवं कोरं ठिगळ जुन्या कापडाला ओढून फाडतं. पुष्कळ वर्षांनी वरचा थर सगळाच विरला, तर अख्खी गोधडी आत ठेवून वरून नव्या पिढीच्या कपड्यांचं कापड चढवता येतं. आक्काच्या एका वाकळीत, मी ती उसवली तेव्हा, आत अजून एक वाकळ निघाली होती. तिच्यावरचे टाके आक्काचे नव्हते. आक्काच्या सासूचे असावेत, असं माझी मामी म्हणाली. मी त्यातलं काही कापलं नाही. नवं कापड घालून पुन्हा मिटून घेतली, आणि आता ती माझ्या भाचीकडे आहे.